बुडबुडे सगळ्यात शेवटी

कॉकटेलच्या शेकरमध्ये प्रोसेको, म्हणजे इटलीची बुडबुड्यांची वाईन ओतून, झाकण दाबून बसवून तो खळाखळा हलवणारी बाई मीच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच गोष्टी ठासून सांगणार आहे आणि तेव्हा तुम्हाला वाटेल, हिचं कधी काही चुकलंच नाही की काय. वर्षअखेरची सुट्टी, घरात बारा माणसं आणि मी नवाकोरा शेकर घेऊन उभी. तिसऱ्या हिसक्याला झाकण उडालं, छताला आपटलं आणि थेट दिरांच्या ताटलीत पडलं. मागोमाग फेस. माझ्या केसांतून, चष्म्यावरून, टेबलावरच्या कागदी रुमालांवरून. दीर शांतपणे म्हणाले, "वहिनी, हे कॉकटेल होतं की सलामी?"

माझी सगळी नोकरी औषधं मोजण्यात आणि मिसळण्यात गेली. त्यामुळे चूक झाली की ती कुठे झाली हे शोधल्याशिवाय झोप लागत नाही. चूक सोपी होती. स्पार्कलिंग वाईनमध्ये तुम्ही पैसे मोजता ते त्यातल्या वायूचे. हा कार्बन डायऑक्साइड वाईनमध्ये दाबाखाली विरघळलेला असतो आणि बाहेर पडायला टपलेलाच असतो. हलवलं, तो निघाला. गरम झालं, निघाला. खरखरीत काही लागलं, निघाला. म्हणून कॉकटेल करायचं म्हणजे बाकीची सगळी कामं आधी उरकायची आणि वाईन सगळ्यात शेवटी, हळूच ओतायची. पुढे जे सांगते आहे ते या एका ओळीभोवतीच फिरतं. एक पेय याला अपवाद आहे, त्यावरून भाचीशी माझा दरवर्षी वाद होतो. त्याच्याकडे येईन.

बाटली कोणती घ्यायची

कॉकटेलसाठी शॅम्पेनच हवी असा हट्ट धरू नका. शॅम्पेन म्हणजे फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातलीच वाईन. तिचं दुसरं आंबवणं, ज्यातून बुडबुडे येतात, त्याच बाटलीत होतं आणि साधी शॅम्पेनसुद्धा किमान १५ महिने मुरवल्याशिवाय बाहेर पाठवता येत नाही. इतके दिवस मेलेल्या यीस्टच्या गाळावर पडून राहिल्यामुळे तिला भाजलेल्या पावासारखा मंद वास येतो. तो सुरेख असतो, पण त्यावर जिन आणि लिंबाचा रस ओतलात की कुठल्या कुठे जातो. मग तो पंधरा महिन्यांचा संयम वायाच गेला म्हणायचा.

स्पेनची कावा आणि फ्रान्समधल्या इतर भागांची क्रेमाँ याच बाटलीतल्या पद्धतीने होतात आणि बहुधा बरीच स्वस्त पडतात. इटलीच्या ईशान्येकडच्या प्रोसेकोचं दुसरं आंबवणं सहसा मोठ्या बंद टाकीत होतं, त्यामुळे तिच्यात यीस्टपेक्षा फळाचा वास जास्त. माझा हिशोब असा: जिन, ब्रँडी किंवा बिटर्स (थेंबाथेंबाने घालायचा कडू अर्क) असलेल्या पेयाला कावा किंवा क्रेमाँ, फळाच्या पेयाला प्रोसेको.

आता लेबल. इथे भलेभले फसतात. "एक्स्ट्रा ड्राय" लिहिलं म्हणजे सगळ्यात कमी गोड असं वाटतं ना? तसं नाही. "ब्रूत" वाईनमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, "एक्स्ट्रा ड्राय"मध्ये १२ ते १७ ग्रॅम. म्हणजे नाव ड्राय आणि चव गोडसर. "देमी-सेक" ३२ ते ५० ग्रॅमवर जाते, ती गोडाच्या पदार्थासोबत पिण्याची वाईन. याच्या उलट टोकाला "ब्रूत नातूर", ३ ग्रॅमच्याही आत.

कॉकटेलला डोळे मिटून ब्रूत घ्या. का ते आकड्यांत सांगते. ब्रूतच्या १०० मिलीलिटरमध्ये जास्तीत जास्त सव्वा ग्रॅमच्या आसपास साखर. तुम्ही त्याच ग्लासात १५ मिलीलिटर साखरेचा पाक घालणार, त्यात साधारण नऊ ग्रॅम साखर. गोडवा पाकातूनच येतो आहे. तो कमीजास्त करणं तुमच्या हातात आहे, बाटलीतला गोडवा मात्र काढून टाकता येत नाही.

किती बाटल्या? ७५० मिलीलिटरची बाटली, एका ग्लासाला ९० मिलीलिटर, म्हणजे कागदावर आठ ग्लास. हातात येतात सात, कारण फेस उतू जातो, कुणाच्या ग्लासात जास्त पडतं आणि "बघू तरी चव" म्हणणारा एक जण प्रत्येक घरात असतो. बारा माणसं, प्रत्येकी दोन ग्लास, तर चार बाटल्या. पाचवी त्यांच्यासाठी, जे तुमची सगळी मेहनत बघून म्हणतात, "मला नुसतीच द्या."

गार, आणखी गार

द्रव जितका गार, तितका वायू त्यात टिकून राहतो. स्पार्कलिंग वाईन ६ ते ८ अंश सेल्सियसला असावी. फ्रिजमध्ये तीन-चार तास लागतात, मी आदल्या रात्रीच आडव्या ठेवून देते. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ घातलात तर खड्यांमध्ये हवा राहते आणि हवा गारवा पोचवायला फार आळशी. पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं. मिठाने ते शून्याच्याही खाली जातं.

फ्रीझरच्या नादाला लागू नका. मी एकदा "दहाच मिनिटं" म्हणून ठेवली आणि फोनवर बोलत बसले. वाईन गोठली की फुगते, आणि बाटलीत आधीच दाब असतो. माझं नशीब, नुसतं बूच वर आलं होतं. काच फुटली असती तर तो कप्पा साफ करताना हात कापला असता.

पण बाटली गार करून बाकीचं टेबलावर तापत ठेवलं तर उपयोग काय? जिन गार हवी, पाक गार हवा, फळांचा रस गार हवा. खोलीच्या तापमानाच्या रसावर थंड वाईन ओतली की ग्लासात फेसाचा डोंगर उभा राहतो आणि तो बसेपर्यंत निम्मे बुडबुडे गेलेले असतात. मी सकाळीच फ्रिजचा एक अख्खा कप्पा रिकामा करते. घरचे कुरकुरतात, कुरकुरू देत.

ग्लासांबद्दल एक गंमत. बुडबुडे काचेतून येत नाहीत. ग्लास पुसताना राहिलेले कापडाचे किंवा हवेतले सूक्ष्म तंतू काचेला चिकटलेले असतात, त्यांच्या पोकळीत हवेचा कण अडकतो आणि तिथून बुडबुड्यांची माळ सुटते. अगदी निर्मळ ग्लासात वाईन मरगळलेली दिसते, ती याच कारणाने. म्हणून तंतूंची धास्ती नको, पण साबणाची धास्ती घ्या. साबणाचा पातळ थर राहिला तर फेस उभाच राहत नाही. पार्टीआधी ग्लास नुसत्या गरम पाण्याने खळबळून उपडे वाळवा. उंच, निमुळता ग्लास बुडबुडे जास्त वेळ धरून ठेवतो. पसरट ग्लास फोटोत छान दिसतो आणि वाईन लवकर शिळी करतो. निमुळते ग्लास नसतील तर साधे वाईनचे ग्लास घ्या, वास त्यातच चांगला येतो.

बूच

शॅम्पेनच्या बाटलीत बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट दाब असतो, मोटारीच्या चाकात असतो त्याच्या दुपटीहून जास्त. बुचावरची ती तारेची टोपी शोभेची नाही. अडॉल्फ जाकसाँ या फ्रेंच व्यापाऱ्याने १८४४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याआधी बुचं दोऱ्यांनी बांधत.

वरचा चकाकता कागद काढा. आता अंगठा बुचावर ठेवा आणि बाटली उघडेपर्यंत तो तिथून हलवू नका. तारेचा कान असतो तो सहा अर्ध्या फेऱ्यांत सुटतो. तार सैल करा, पण काढून टाकू नका. बुचावर राहू दिलीत तर पकड चांगली बसते. वरून जाडसर टॉवेल. बाटली तिरकी धरा, साधारण ४५ अंशांत, तोंड माणसं आणि दिवे सोडून दुसरीकडे. मग बूच घट्ट धरून ठेवा आणि बाटली फिरवा. बूच फिरवायचं नाही, बाटली फिरवायची. दाबाने बूच वर येऊ लागलं की त्याला उलट आत दाबत राहा, म्हणजे ते तुमच्या मर्जीने निघेल. आवाज कसा यावा? दमलेल्या माणसाने खुर्चीत बसताना सोडलेल्या सुस्काऱ्यासारखा. "फट्" आवाजाला टाळ्या मिळतात, पण त्यासोबत वायू जातो आणि वाईन फरशीवर सांडते.

ओततानासुद्धा ग्लास तिरका धरा आणि वाईन आतल्या भिंतीवरून घसरू द्या, बिअर ओततो तशी. शॅम्पेन प्रांतातल्याच रँस शहराच्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हे २०१० मध्ये मोजून दाखवलं: ग्लासाच्या मधोमध वरून धार धरण्यापेक्षा तिरक्या ग्लासात ओतलं तर वायू जास्त टिकतो. हे वाचलं तेव्हा मला शेकरचा तो दिवस आठवून जरा बरं वाटलं. माझ्या चुकीमागेही शास्त्र होतं!

पाक

वजनाने साखर आणि पाणी सारखं, २०० ग्रॅम आणि २०० ग्रॅम. पाणी कोमट करा, साखर घाला, विरघळेपर्यंत ढवळा. उकळू नका, पाणी उडालं की प्रमाण बिघडतं. गार करून स्वच्छ बाटलीत भरा. फ्रिजमध्ये दोन आठवडे निर्धास्त राहतो. चिमटीने किंवा चमच्याने साखर थेट ग्लासात टाकू नका. प्रत्येक दाण्यावरून बुडबुडे सुटतात, ग्लास उतू जातो आणि साखर तळाशी न विरघळता बसते. पण हीच खोड एका पेयात कामी येते, ते आता सांगते.

आता पेयं

सुरुवात किर रोयालने करा, कारण यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. ग्लासात आधी १० मिलीलिटर क्रेम द कासिस, म्हणजे काळ्या करंटचं गडद जांभळं लिकर, गोड मद्य. त्यावर ९० मिलीलिटर ब्रूत वाईन. झालं. ढवळायचं नाही. युरोपातल्या नियमाप्रमाणे क्रेम द कासिसमध्ये लिटरला किमान ४०० ग्रॅम साखर लागते, म्हणजे ते वाईनपेक्षा बरंच जड. आधी घातलंत तर पडणारी धारच त्याला मिसळते. नंतर घातलंत तर ते तळाशी जाऊन बसतं आणि पाहुणा पहिले चार घोट नुसती वाईन पितो, शेवटचा घोट नुसता पाक. हे पेय दिजाँ शहराचे महापौर फेलिक्स किर यांच्या नावाने ओळखलं जातं. ते पाहुण्यांना साध्या पांढऱ्या वाईनमध्ये कासिस घालून देत. स्पार्कलिंग वाईन आली की त्याचं "रोयाल" होतं. माझी बहीण कासिस १५ मिलीलिटर घालते. मला ते सरबत वाटतं.

आता साखरेच्या खड्याचं पेय, ज्याला नुसतं शॅम्पेन कॉकटेल म्हणतात. साखरेचा एक चौकोनी खडा बशीत ठेवा. त्यावर अँगोस्तुरा बिटर्सचे दोन-तीन शिडकावे. खडा तपकिरी होऊन थोडा ढासळायला लागेल, तेवढ्यात उचलून ग्लासात सोडा. खडा ग्लासात टाकून मग बिटर्स घातलेत तर अर्धं काचेला लागतं. वर १० मिलीलिटर कोन्याक, म्हणजे फ्रेंच ब्रँडी, आणि मग वाईन. पण दोन हप्त्यांत. पहिल्यांदा दोन बोटं ओता आणि थांबा. फेस वर चढतो, काठापाशी येऊन अडखळतो आणि खाली बसतो. मग उरलेली.

आता ग्लास उजेडासमोर धरा. खड्याच्या खरखरीत अंगावरून बुडबुड्यांचे दोरे सुटलेले दिसतात, एकाशेजारी एक, सरळ रेषेत वर. मिनिटभराने एखादा कोपरा विरघळून निसटतो आणि तिथला दोरा बंद पडून शेजारी नवा सुरू होतो. खडा जसजसा विरघळतो तसतसं पेय गोड होत जातं, म्हणून पहिला घोट कडसर आणि शेवटचा गोड. मुलं हे बघायला माझ्या कोपराशी गर्दी करतात. त्यांच्यासाठी मी एका ग्लासात सोडा आणि नुसता खडा टाकून देते.

माझं स्वतःचं आवडतं म्हणजे फ्रेंच ७५. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांची ७५ मिलीमीटरची एक तोफ गाजली होती, तिच्यावरून हे नाव. दिरांना हे कळलं तेव्हापासून ते या पेयाला "वहिनींची सलामी" म्हणतात, आता काय बोलणार. ३० मिलीलिटर जिन, १५ लिंबाचा ताजा रस, १५ पाक. हे तिन्ही शेकरमध्ये भरपूर बर्फासोबत दहा-बारा सेकंद जोरात हलवा. शेकरला बाहेरून घाम फुटला की झालं. बारीक गाळणीतून ग्लासात गाळा आणि वर ६० मिलीलिटर वाईन. मी ९० घालते, जिनचा ठसका जरा मवाळ होतो. इथे शेकर आहे, पण बघा, वाईन त्याच्या बाहेर आहे.

बारा जणांसाठी बारा वेळा शेकर हलवत बसाल तर पार्टी तुमच्याविनाच संपेल. मी हे दुपारीच एका बाटलीत करून ठेवते: ३६० मिलीलिटर जिन, १८० लिंबाचा रस, १८० पाक आणि १८० पाणी. पाणी विसरू नका. शेकरमध्ये हलवताना बर्फ वितळून जे पाणी मिसळतं, त्याची ही भरपाई. पाण्याशिवाय केलंत तर पेय तिखट आणि चिकट लागतं आणि चूक कुठे झाली ते कळत नाही. एकूण ९०० मिलीलिटर झालं, लिटरच्या बाटलीत मावतं. फ्रिजमध्ये ठेवा. वेळ आली की बाटली एकदा उलटीसुलटी करा, प्रत्येक ग्लासात ७५ मिलीलिटर मोजा आणि वर वाईन. लिंबू मात्र त्याच दिवशी पिळा. आदल्या दिवशीचा रस कडवट व्हायला लागतो.

मोजायला माझ्याकडे जुनं काचेचं मोजपात्र आहे, दहा-दहा मिलीलिटरच्या रेघा असलेलं. तुमच्याकडे औषधाच्या बाटलीवरचं झाकण असेल तर तेही चालेल. अंदाजपंचे ओतू नका. लिंबू पाच मिलीलिटरने जास्त झालं तरी जिभेला कळतं.

बेलिनी दिसायला सगळ्यात गोड आणि वागायला सगळ्यात हट्टी. व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये जुझेप्पे चिप्रियानी यांनी ती पहिल्यांदा केली, रंगावरून तिला चित्रकार जोव्हान्नी बेलिनीचं नाव दिलं. ५० मिलीलिटर पांढऱ्या पीचचा गर, १०० मिलीलिटर प्रोसेको. गर मिक्सरमधून काढून दोनदा गाळा, थोडा लिंबाचा रस घाला, नाहीतर तासाभरात तपकिरी होतो. पांढरी पीच मिळत नसेल तर पिवळी घ्या, चव जरा आंबट येईल आणि रंग केशरी.

हट्ट कशाचा? गरातला प्रत्येक बारीक कण म्हणजे बुडबुड्याला बाहेर पडायची एक खिडकी. दाट गरावर वाईन पडली की फेस धावत वर येतो. म्हणून गर अगदी गार हवा, ग्लास निम्माच भरायचा, थांबायचं, मग उरलेली वाईन. शेवटी लांब दांड्याचा चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच सावकाश वर उचला, गर वर येऊन मिसळतो. गोल-गोल ढवळाल तर मघाचीच गोष्ट पुन्हा. मी बेलिनी पहिल्या अर्ध्या तासातच उरकते, पाहुणे कमी असतात तेव्हा. गर्दीत तिला वेळ देता येत नाही.

मिमोसा म्हणजे संत्र्याचा रस आणि वाईन निम्मी-निम्मी. मला फार प्रेम नाही. तरी सकाळच्या मेजवानीला लोक मागतात, म्हणून एवढंच सांगते: रस ताजा काढा आणि गाळा, आणि वाईन एक भाग जास्त ठेवा.

आता तो अपवाद. स्प्रिट्झ. मोठा वाईनचा ग्लास बर्फाने गच्च भरा, ९० मिलीलिटर प्रोसेको, ६० आपेरोल (केशरी, कडूगोड इटालियन मद्य), ३० सोडा. तीन-दोन-एक, लक्षात ठेवायला सोपं. माझ्या नियमाप्रमाणे वाईन शेवटी जायला हवी. पण आपेरोलमध्ये साखर भरपूर, ते जड. आधी घातलं तर बर्फाखाली जाऊन बसतं, आणि गच्च बर्फातून ओतलेल्या वाईनची धार त्याच्यापर्यंत जोरात पोचत नाही. म्हणून इथे वाईन आधी, आपेरोल त्यावरून, ते उतरता-उतरता आपोआप मिसळतं. भाची म्हणते, "मावशी, मग तुझ्या नियमाला अर्थ काय?" मी म्हणते, कासिसला बर्फ नव्हता. तिला पटत नाही. बर्फ मात्र मोठे खडे आणि भरपूर हवेत; थोडा बर्फ लवकर वितळतो आणि पेय पाणचट होतं.

ज्यांना कडू आवडतं त्यांच्यासाठी याच ग्लासात नेग्रोनी स्बाल्यातो: काम्पारी (लाल, कडू इटालियन मद्य), गोड लाल व्हर्मूत (मसाल्यांची वाईन) आणि स्पार्कलिंग वाईन, तिन्ही ३० मिलीलिटर, बर्फावर. इटालियनमध्ये स्बाल्यातो म्हणजे चुकलेला. मिलानच्या बार बासोमध्ये नेग्रोनी करताना जिनऐवजी स्पार्कलिंग वाईन पडली, अशी त्याची गोष्ट सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते, कारण सांगायला नको.

न पिणाऱ्यांसाठी

त्यांच्या हातात कोपऱ्यातला रंगीत सरबताचा कागदी पेला देऊ नका. ग्लास तोच, सजावट तीच. १५ मिलीलिटर पाक, १५ लिंबू, चमचाभर आल्याचा गाळलेला रस, वर १२० मिलीलिटर बर्फगार सोडा, तिरक्या ग्लासात हळूच. एक काळजी घ्या: चवीसाठी म्हणून यात अँगोस्तुरा शिंपडू नका. थेंबभरच जातं खरं, पण त्या बाटलीत ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. जो अजिबात घेत नाही त्याला न विचारता ते देणं बरं नाही.

पिणाऱ्यांनाही एक हिशोब सांगून ठेवते. १२ टक्क्यांच्या १०० मिलीलिटर वाईनमध्ये १२ मिलीलिटर शुद्ध अल्कोहोल. फ्रेंच ७५ च्या एका ग्लासात जिनचं १२ आणि ६० मिलीलिटर वाईनचं सात, मिळून एकोणीस. ग्लास तेवढाच दिसतो, आत दीडपटीहून जास्त असतं, आणि लिंबामुळे ते कळतही नाही. म्हणून मी हे पेय एकेकाला एकच देते, नंतर किर. गाडी चालवणाऱ्याला पहिल्यापासूनच आल्याचं.

पंच करायचा मोह होतो. मोठं भांडं, त्यात सगळं एकदम, लोक आपापलं घेतील. करा, पण भांड्यात आधी फक्त जिन-लिंबू-पाकाचं मिश्रण ठेवा, त्यात पाणी घालू नका, बर्फ ते काम करेल. बर्फही खडे नकोत, आदल्या दिवशी वाडग्यात गोठवलेला एकच मोठा गोळा टाका, तो सावकाश वितळतो. वाईन एकेक बाटली, माणसं जमली की त्यांच्यासमोर. पसरट भांड्यात ओतून ठेवलेल्या वाईनला अर्ध्या तासात काही दम राहत नाही.

उरली तर

अर्धी बाटली उरली की कुणीतरी तिच्या तोंडात चमचा उलटा लटकवून ठेवतं. त्याने काही होत नाही. टिकतात ते बुडबुडे फ्रिजच्या गारव्याने. बाटलीच्या ओठाला पकडणारं चिमट्याचं झाकण मिळतं, ते लावून लगेच फ्रिजमध्ये उभी ठेवा. दुसऱ्या दिवशीपर्यंत चांगली राहते. काढलेलं मूळ बूच पुन्हा बसत नाही, ते आत असताना दाबलेलं असतं आणि बाहेर आल्यावर फुगतं. प्रयत्न करू नका, मी केलाय.

आणि पार मेलेली, बुडबुडे नसलेली वाईन असेल तर तिचा पाक करा. २०० ग्रॅम वाईन, २०० ग्रॅम साखर, मंद आचेवर विरघळेपर्यंत. पाण्याच्या पाकापेक्षा हा जरा आंबटसर लागतो, फ्रेंच ७५ मध्ये लिंबू थोडं कमी करून घालता येतो. आच लागली तरी थोडं अल्कोहोल उरतंच, म्हणून न पिणाऱ्यांच्या ग्लासात हा जाता कामा नये. मी बाटलीवर पट्टी चिकटवून त्यावर "वाईनचा" असं ठळक लिहिते आणि फ्रिजच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवते.